डाव्या हाताचं पिस्तूल

मी आयुष्यात एकच पिस्तूल विकत घेतलं आणि ते डाव्या हाताचं निघालं. मी उजवा आहे. पिस्तूल चुकीचं आलंय हे कळायला मला चार दिवस लागले. नवी मुंबईत पावण्यात पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं खरेदी विभागात आहे, आणि माझ्या सहीशिवाय तिथे साधा वॉशरसुद्धा गेटच्या आत येत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

या सगळ्याला कारण फुगे. नेरूळच्या मैदानावर दरवर्षी मेळा भरतो, तिथे फुगे फोडायच्या बंदुकीने मी दहापैकी नऊ फुगे फोडले. फुगेवाला म्हणाला, "अंकल, मिलिटरीत होते काय?" माझी छाती अशी काही फुगली की बायकोला वाटलं मला ॲसिडिटी झाली. घरी येईपर्यंत मी तिला चार वेळा विचारलं, "ऐकलंस ना काय म्हणाला तो?" पुढच्या वर्षी त्याच मैदानावर त्याच माणसाला मी तोच प्रश्न दुसऱ्या एका गृहस्थाला विचारताना ऐकलं. त्या गृहस्थाने दोन फुगे फोडले होते. पण तोवर मी नेमबाजी शिकायला लागून आठ महिने झाले होते, मागे फिरायची सोय राहिली नव्हती.

नेरूळला एका क्रीडा संकुलाच्या वरच्या मजल्यावर रेंज आहे. चार लेन, समोर दहा मीटरवर पुठ्ठ्याची कार्डं, त्यांच्यावर काळा गोल. शिकवायला एक निवृत्त हवालदार, साताऱ्याकडचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात क्लबचं पिस्तूल दिलं आणि म्हणाले, "साहेब, एका हातानं धरायचं. दुसरा खिशात घाला, न्हाईतर त्यो मदतीला येतोय." माझे पहिले दहा छर्रे कुठे गेले ते आजतागायत सापडलेलं नाही. हवालदारांनी माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि कोरंच आहे म्हणून पुन्हा लावून ठेवलं.

तरी मी जात राहिलो. का, ते स्पष्टच सांगतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. एकतीस वर्षं सकाळी नऊपासून लोक माझ्या टेबलासमोर कागद घेऊन उभे असतात आणि मी चष्मा कपाळावर सरकवून "हं, ठेवा" म्हणतो. ते उद्या बंद होणार, मग मी कोण उरणार, या विचाराने मला खरोखर भीती वाटत होती. रेंजवर तासभर कुणी काही विचारत नाही. श्वास सोडायचा, थांबायचं, बोट हळूच दाबायचं. माझा नेम सुधारला म्हणाल तर फारसा नाही, पण त्या एका तासासाठी मी आठवडाभर वाट बघायचो. निवृत्तीनंतर स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच असणार होतं.

आणि तेच जायची वेळ आली. एका रविवारी हवालदारांनी आम्हा तीन-चार प्रौढ हौशांना बाजूला घेतलं. क्लबची पिस्तुलं मोजकीच, शाळेतल्या मुलींना स्पर्धेची तयारी करायची आहे. पुढच्या महिन्यापासून मोठ्यांनी स्वतःचं पिस्तूल आणायचं, नाहीतर लेन सोडायची. "राग मानू नका," ते म्हणाले. मी राग मानला नाही. मी लगेच खिशातून डायरी काढून 'पिस्तूल' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आधी माझा डोळा पॉइंट टूटूच्या पिस्तुलावर होता. खरी गोळी, खरा आवाज. हवालदारांनी समजावलं की त्याला परवाना लागतो, आणि नेमबाजीत काहीतरी करून दाखवल्याशिवाय कुणी तुमच्या अर्जाकडे बघणार नाही. तरी मी पोलीस ठाण्यात चौकशीला गेलोच. तिथल्या साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुनाशी दुश्मनी बिश्मनी?" मी म्हणालो, नाही, छंद. ते म्हणाले, "काका, या वयात कॅरम चांगला." शेजारच्या शिपायाने चहा पिता पिता मान डोलावली. मी दोघांचे आभार मानून बाहेर आलो आणि त्या दिवसापासून साडेचार मिलिमीटरच्या हवेच्या पिस्तुलाचा भक्त झालो. परवाना नको, ओळखपत्राची झेरॉक्स दिली की झालं, आणि घरात ठेवलं तर बायको माहेरी जाणार नाही.

आता निवड. आमच्या विभागात कुठलीही वस्तू घ्यायची पद्धत ठरलेली आहे: तीन कोटेशन मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि सगळ्यात कमी भाव ज्याचा, त्याला ऑर्डर द्यायची. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने वस्तू घेताच येत नाही. सानपाड्याच्या आमच्या घरातला फ्रिज, मिक्सर, दिवाणखान्याचे पडदे, सगळं तक्त्यातून आलेलं आहे. मुलीच्या लग्नात केटरर ठरवताना मी 'जिलबी, प्रति नग वजन' असा कॉलम केला होता, त्याबद्दल व्याही अजून बोलतात.

पिस्तुलाच्या तक्त्यात सतरा कॉलम होते. वजन, नळीची लांबी, खटक्याचा दाब, हवा भरायची पद्धत, छर्रे कुठे मिळतात, सुटे भाग कुठे मिळतात, गॅरंटी, पेटी सोबत येते की वेगळी घ्यावी लागते. एक स्वस्त देशी पिस्तूल होतं, पण ते भरायला नळी दुमडावी लागते आणि दहा छर्ऱ्यांत माझा दंड भरून आला. एक परदेशी नवं होतं, त्याची किंमत बघून मी ती टॅबच बंद केली. आणि मग मुंबईच्या एका दुकानदाराकडे जुनं, कमी वापरलेलं, अस्सल स्पर्धेचं पिस्तूल मिळालं. किंमत त्या नव्याच्या अर्ध्याहूनही कमी. इतकं चांगलं पिस्तूल इतक्या स्वस्तात का, हा प्रश्न माझ्या विभागातल्या नवख्या ट्रेनीलाही पडला असता. मला पडला नाही, कारण मी खुशीत होतो. दुकानदाराने पाठवलेल्या माहितीत शेवटून दुसऱ्या ओळीत 'मूठ: डावी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलंसुद्धा होतं. पण तक्त्यात हाताचा कॉलम नव्हता, आणि ज्याला कॉलम नाही तो मुद्दा माझ्या डोक्यात शिरतच नाही.

पार्सल कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं. ते आलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन पॅकिंगचं सील शाबूत आहे एवढं पाहिलं आणि चलनावर लिहिलं, 'माल तपासून सुस्थितीत मिळाला', खाली सही, तारीख, शिक्का. शिक्कासुद्धा! एकतीस वर्षांत मी एकही खोका स्वतः उघडलेला नाही. खोका उघडायचं काम स्टोअरकीपरचं. घरी स्टोअरकीपर नसतो हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्या लाकडी मुठीला बोटांसाठी खाचा कोरलेल्या होत्या आणि तळव्याखाली आधाराला एक फळी होती. माझ्या हातात घेतलं की अंगठ्याला जागाच मिळेना, फळी भलतीकडे यायची आणि खाचा बोटांच्या मध्ये टोचायच्या. मी चार दिवस सराव केला. मला वाटलं स्पर्धेच्या पिस्तुलाची सवय व्हावी लागत असेल. तिसऱ्या दिवशी मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. चौथ्या दिवशी, रविवारी, ते रेंजवर घेऊन गेलो. हवालदारांनी पेटी उघडली, पिस्तूल उचललं, माझ्या बँडेजकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "साहेब, हे डावरं हाय."

फोन केल्यावर दुकानदार सज्जन निघाला. म्हणाला, पिस्तूल तेच राहील, फक्त मूठ बदलायची. त्याच्याकडे एक उजवी मूठ आहे आणि डावी मूठ हवी असलेलं एक गिऱ्हाईकही आहे. पुढच्या शनिवारपर्यंत डावी पाठवली तर तो उजवी देईल, नाहीतर ती दुसरीकडे जाईल. मग नवी मागवायची तर परदेशातून, सहा महिने तरी लागतील. महिना संपायला नऊ दिवस होते. मी हिशेब केला: शनिवारी मूठ बदलली तर लेन राहील, नाही बदलली तर जाईल. सोपं होतं.

घरी हा सगळा प्रकार मी 'पॅकिंगमध्ये गडबड' एवढ्यावर भागवला होता.

बुधवारी संध्याकाळी पिस्तूल जेवणाच्या टेबलावर होतं, रिकामं, मूठ कशी सुटते ते मी बघत होतो. मधेच फोन आला म्हणून बाल्कनीत गेलो. आत आलो तर बायको ताटं मांडायला टेबल रिकामं करत होती. उजव्या हातात ताटांची चळत होती, म्हणून पिस्तूल तिने डाव्या हाताने उचललं. आणि ती थांबली. ताटं तिने हळूच खाली ठेवली. हात सरळ केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या दिशेने धरला. खाचांत बोटं, फळीवर तळवा, अंगठा जागच्या जागी. मी चार दिवस, शेवटी बँडेज बांधून, ज्याच्याशी झटापट केली होती, ते तिच्या हातात गप बसलं होतं.

"तू डावरी आहेस?" मी विचारलं.

तिने पिस्तूल पटकन खाली ठेवलं. "नाही हो. उचलत होते फक्त."

सत्तावीस वर्षांचा संसार आहे आमचा. ती घरी ब्लाउज शिवते, सोसायटीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत. मी त्या वेळी तिच्या शिवणाच्या टेबलाकडे पाहिलं. कात्री डाव्या बाजूला पडली होती. टाचण्यांची डबीही डाव्या बाजूला. मशीनच्या दिव्याची मानसुद्धा तिकडेच वळवलेली. ती खोली मी रोज ओलांडतो. माल तपासून सुस्थितीत मिळाला, म्हणतात ते हेच.

जेवताना मी पुन्हा विचारलं. आधी ती टाळत राहिली. मग म्हणाली, लहानपणी होते. गावाकडे शाळेत बाईंनी पट्टी मारून डावा हात सोडवला, घरी आईने बोटांना मिरची चोळली. लिहायला आणि जेवायला उजवा बसला. "कापायला मात्र नाही बसला, मग कुणी नसताना कापते डाव्याने."

"मी असताना?"

"तुम्ही असताना नाही कापत."

"का? मी काय म्हटलं असतं?"

ती ताकाची वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "तुम्ही म्हटलंय की." आणि तिने अगदी सहज, राग नाही, कुरबूर नाही, ती गोष्ट सांगितली. लग्नानंतरची पहिली सत्यनारायणाची पूजा. पंगत बसलेली, वाढणारी माणसं कमी, ती घाईत होती आणि तिने डाव्या हाताने भात वाढला. माझ्या आईने डोळे वटारले. पाहुणे आपापल्या पानाकडे बघायला लागले. तेव्हा मी, खरेदी विभागात चार वर्षं मुरलेला, वातावरण हलकं करायला मोठ्याने म्हणालो होतो, "डिफेक्टिव्ह पीस आलाय आई, बदलून मागू या का?"

सगळी पंगत हसली होती. मला ते आठवलं. आठवलं म्हणजे तो भात आठवला नाही, तिचा चेहरा आठवला नाही. आपल्या विनोदावर एवढी माणसं हसली याचा झालेला आनंद तेवढा आठवला. तो विनोद मी पुढे ऑफिसातही दोनदा सांगितला होता.

"मीपण हसले होते तेव्हा," ती म्हणाली. "काय करणार."

मला लाज वाटली. अशी लाज मला ना पोलीस ठाण्यात वाटली होती, ना रेंजवर. ताक प्यायलो आणि उठलो. माफी मागायची पद्धत आमच्यात नाही, म्हणजे माझ्यात नाही. ती कधी कधी मागते, माझ्या चुकांचीही.

गुरुवारी दुकानदाराचा फोन आला, मूठ पाठवताय ना? मी म्हणालो बघतो. शुक्रवारी ऑफिसात बसून मी चक्क एक तक्ता केला. एका बाजूला 'बदलणे', दुसऱ्या बाजूला 'न बदलणे'. 'बदलणे' या बाजूला सहा मुद्दे झाले, लेन, निवृत्ती, छंद, पैसे वसूल वगैरे. 'न बदलणे'च्या खाली मला एकच मुद्दा सुचला, आणि तो लिहायला शब्द सापडेना. शेवटी कागद फाडला आणि दुकानदाराला फोन करून सांगितलं, मूठ राहू दे. तो म्हणाला, "पण साहेब, तुम्ही तर उजवे ना?" मी म्हणालो, हो, पण पिस्तूल माझं नाही.

बायकोला तयार करणं जास्त अवघड गेलं. "मला कशाला? माझ्या पाच ब्लाउजांची डिलिव्हरी आहे." "लोक काय म्हणतील?" "तुमच्या पिस्तुलाचं काय?" शेवटी मी म्हणालो, नुसतं बघायला चल, येताना भाजी घेऊ. भाजीसाठी ती आली.

रविवारी रेंजवर गर्दी होती. चार लेन भरलेल्या, दोन शाळकरी मुली, एक बँकवाले गृहस्थ, कोपऱ्यात हवा भरायचं यंत्र घरघरत होतं. हवालदारांनी तिला नमस्कार केला, गाव विचारलं, तालुका निघाला तोच, आणि ते एकदम खुलले. रजिस्टर उघडलं, तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "वैनी, हात कंचा?"

तिने माझ्याकडे बघितलं.

ती नजर मला ओळखीची होती. रोज सकाळी नऊपासून माझ्या टेबलासमोर कागद घेऊन उभी असलेली माणसं अशीच बघतात. तिचा हात कुठला, हे सांगायलाही तिला माझी सही लागत होती. माझ्या तोंडावर 'डावा' आलं होतं. पण मी ते म्हटलं असतं तर ती माझीच आणखी एक सही झाली असती. म्हणून मी छर्ऱ्यांची डबी उघडली आणि छर्रे मोजायला लागलो. मला छर्रे मोजायचं काही कारण नव्हतं. एकोणीसपर्यंत आलो.

"डावा," ती म्हणाली.

यंत्राच्या आवाजात हवालदारांना ऐकू गेलं नाही. "कंचा?"

"डावा!" ती ओरडली, आणि लग्न झाल्यापासून मी जी बोली तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, त्या बोलीत म्हणाली, "डावरी हाय मी. ल्हानपनापासनं!"

चारही लेनवरची माणसं वळून बघायला लागली. बँकवाल्यांचा छर्रा सुटला तो कार्डाच्या बाहेर गेला. हवालदारांनी शांतपणे रजिस्टरमध्ये लिहिलं आणि म्हणाले, "बरं झालं. उजवे लई झालेत हितं." मग त्यांनी बँकवाल्यांना थोडा वेळ विश्रांती घ्यायला सांगितली आणि तिला त्या लेनवर उभं केलं, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. उजवा हात कुठे ठेवू असं तिने विचारलं. ते म्हणाले, साडीला खिसा नसतोय, कमरेवर ठेवा.

मी मागच्या बाकावर बसलो. तिची पर्स, छत्री आणि भाजीची रिकामी पिशवी माझ्या मांडीवर होती. पहिला छर्रा कार्डाला लागला नाही, दुसराही नाही. तिसरा कडेला लागला. मी सवयीने सूचना द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्याला ती खूप वेळ थांबली, इतका वेळ की मीच श्वास धरून बसलो.

ती तास दीड तास तिथे उभी होती. इतक्या वर्षांत भाजी फोडणीला टाकतानाही ती एकदा माझ्याकडे बघते, मीठ किती घालू असं डोळ्यांनी विचारते. त्या दिवशी तिने एकदाही मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही.